शेत राखायची बंदूक का महागली? परवाना, काडतूस आणि हेलपाट्यांचा सगळा हिशेब

सिंधुदुर्ग : भात पोटरीत आलं, की घाटपायथ्याच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. डबे वाजतात, फटाके फुटतात, मांगराच्या कोपऱ्यात शेकोटी पेटते. तरी सकाळी जाऊन बघावं तर अर्धा कुणगा डुकरांनी लोळवलेला असतो. मग वाडीत कुणीतरी विषय काढतोच, की बंदुकीचा परवाना काढायचा झाला तर किती खर्च येतो? दुसरा सांगतो, आजोबांच्या वेळी दोन पोती भात विकून बंदूक यायची, आता दोन वर्षांचं भात विकलं तरी भागणार नाही.

यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण तक्रार खोटी नाही. बंदूक महागली आहे. मात्र दुकानातली किंमत हा त्या खर्चाचा एक भाग झाला. बाकीचा खर्च कागद, प्रवास, मोडलेले दिवस आणि काडतुसं यांत जातो, आणि तो कुणी आधी सांगत नाही. परवान्याच्या अर्जापासून बंदूक घरात येईपर्यंत आणि आल्यावरही काय काय लागतं, ते इथं एकत्र दिलं आहे.

शिकारीची रायफल विसरा

आधी एक गैरसमज काढून टाकू. अनेकजण ‘शिकारीची बंदूक’ किंवा ‘रायफल’ असाच शब्द वापरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवाना घेऊन हौसेची शिकार करण्याचा मार्गच बंद झाला. त्यामुळे ‘मला शिकारीसाठी रायफल हवी’ असा अर्ज केला, तर तो पहिल्याच टेबलावर अडेल, आणि अडायलाच हवा.

शेतकऱ्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेती संरक्षणाचा उल्लेख स्पष्ट आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना प्राधिकाऱ्याने परवाना द्यावा, अशी तिथली भाषा आहे. नाकारायचा असेल तर कायद्यात दिलेलं कारण लेखी दाखवावं लागतं. पुढे असंही म्हटलं आहे, की ठासणीच्या बंदुकीनं काम भागणार नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपल्या भाषेत काडतुसाची बंदूक, मंजूर करता येते.

‘गुळगुळीत नळी’ हा शब्द लक्षात ठेवा. रायफलच्या नळीत आतून आट्या असतात. त्यामुळे गोळी फिरत जाते आणि फार लांब जाते. १२ बोअरच्या बंदुकीतून छर्रे उडतात आणि थोड्या अंतरात त्यांचा जोर संपतो. आपल्याकडे वाडीला वाडी लागून आहे, पाणंदीतून रात्री-अपरात्री माणसं ये-जा करतात. अशा ठिकाणी रायफलची गोळी डुकराला चुकली तर कुठं जाऊन लागेल याचा नेम नाही. म्हणून शेतीसाठी कायद्यानं छर्ऱ्याची बंदूकच धरली आहे, आणि ते शहाणपणाचं आहे असं आमचं मत.

रायफलचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. आपल्या देशात नागरी परवान्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारी रायफल म्हणजे ०.३१५ बोअरची. जगात इतरत्र ती फारशी नाही. इंग्रजांच्या फौजेकडे ०.३०३ होती. तीच काडतुसं सामान्य माणसाच्या बंदुकीत चालू नयेत, म्हणून हे वेगळं माप इथं रूढ झालं. आजही ०.३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

ठासणीची स्वस्त, पण पावसात काय?

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू, मग काथ्या किंवा चिंधी, मग छर्रे घालायचे, गजानं ठासायचं, मागे निपलवर टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. एक बार काढला की पुन्हा हे सगळं पहिल्यापासून. सराव असलेल्या माणसालाही वेळ लागतो. तोवर डुकरांचा कळप बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात.

त्यात आपला पाऊस. आपल्याकडे भाताला धोका असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा हवेत ओल असते, परतीचा पाऊस असतो. दारू सर्दते, टोपी नुसती ‘टक्’ करून गप्प बसते. कधीकधी बार उशिरा सुटतो, आणि तो प्रकार बंदूक धरणाऱ्यालाच धोक्याचा. कायदा लिहिणाऱ्यांनी ठासणीची बंदूक गरिबाला परवडेल म्हणून ठेवली असेल. पण कोकणातल्या पावसात ती वर्षातून नेमक्या गरजेच्या दोन महिन्यांत दगा देते. म्हणून अर्जात काडतुसाची बंदूक मागताना हे कारण साध्या शब्दांत लिहावं. शेत जंगलाला किती लागून आहे, कुठलं जनावर येतं, कुठल्या महिन्यात येतं, वन विभागाकडे नुकसानीचे पंचनामे किती वेळा झाले, हे लिहावं. पंचनाम्याच्या प्रती जोडल्या तर ‘बंदूक कशाला हवी’ या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही. नुकसान झालं की पंचनामा करून घेण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी निदान यासाठी तरी तो करून घ्यावा.

बंदुकीची किंमत कशामुळे चढली

याची मुळं जुनी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. नेमबाजीच्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे, ती शेतकऱ्याच्या कामाची नाही. त्याआधी आलेल्या विलायती दुनळी बंदुका तेवढ्याच फिरतात. एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि प्रत्येक वेळी भाव चढतो. जुनी विलायती बंदूक कमी किमतीत मिळेल ही आशा ठेवू नये. ती आता शेतीचं अवजार राहिलेली नाही, हौशी लोकांची वस्तू झाली आहे.

राहिल्या देशी बंदुका. बिहारमधलं मुंगेर आणि जम्मू ही खासगी बंदूक कारखान्यांची जुनी ठिकाणं. १२ बोअरच्या एकनळी आणि दुनळी बंदुका तिथं बनतात. कारखाने लहान, आणि कुणी किती बंदुका बनवायच्या ते सरकारच्या परवान्यात ठरलेलं. मागणी वाढली म्हणून उद्या दुप्पट माल काढला, असं इथं होत नाही. सरकारी बाजूला आयुध निर्माणी मंडळ होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याचा कारभार सात कंपन्यांत वाटला गेला. बंदुका-रायफली बनवणारे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे गेले आणि दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे.

दुसरं गिऱ्हाईकही ध्यानात घ्या. बँकेच्या दारात, पैशांच्या गाडीबरोबर जो सुरक्षारक्षक उभा असतो त्याच्या खांद्यावर बहुतेक वेळा १२ बोअरचीच दुनळी असते. म्हणजे आपला शेतकरी ज्या बंदुकीसाठी रांगेत आहे, त्याच रांगेत शहरातला रक्षकही आहे. त्याची बंदूक त्याच्या रोजीरोटीचं साधन असते, म्हणून तो चार पैसे जास्त मोजायलाही तयार असतो.

मग कर. १२ बोअरच्या बंदुकीवर १८ टक्के जीएसटी पडतो. समजा दुकानदारानं ४० हजार सांगितले, तर कर ७ हजार २०० आणि बिल ४७ हजार २०० चं. भाव विचारताना ‘करासहित किती’ असंच विचारा आणि लेखी कोटेशन घ्या. दुकानागणिक फरक असतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा कर तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. त्याचा शेतीच्या बंदुकीशी संबंध नाही, पण ‘बंदुकीवर ४० टक्के कर’ अशी बातमी मोबाईलवर फिरली आणि अनेकांची समजूत तशीच झाली, म्हणून सांगितलं.

तालुक्याच्या बाजारपेठेत खताच्या दुकानाशेजारी बंदुकीचं दुकान नसतं. मोठं शहर गाठावं लागतं, आणि एका फेरीत काम होईलच असं नाही. बंदूक आणतानाही परवान्यावर लिहिलेली हद्द बघावी लागते. शेती संरक्षणाचा परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असतो. दुकान त्या हद्दीबाहेर असेल, तर बंदूक गावी आणण्याबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयातून आधी लेखी घ्यावं. बिल आणि परवाना बरोबर ठेवावा आणि आल्यावर बंदूक दाखवून नोंद करून घ्यावी. नोंद राहिली तर पुढे नूतनीकरणाच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

सामाईक सातबारा : खरा घोळ इथं

बंदुकीच्या किमतीवर सगळे बोलतात, पण आपल्याकडे माणूस थकतो तो कागदांवर. शेती संरक्षणासाठी अर्ज म्हटला, की जमीन दाखवावी लागते. सातबारा, आठ-अ. आता कोकणातला सातबारा काढून बघा. आजोबा, पणजोबा, मुंबईत गेलेले चुलते, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, अशी वीस-तीस नावं एका गटावर. कसणारा एक, नावं तीस. मग कार्यालयातून विचारणा होते, की इतर हिस्सेदारांची हरकत नाही कशावरून? संमतीपत्रांसाठी फोन सुरू होतात. काहीजण बंदूक म्हटलं की घाबरतात, काहींना जमिनीचा जुना वाद आठवतो. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच सह्या गोळा करायच्या, नाहीतर पुढच्या गणपतीपर्यंत थांबायचं. देशावरच्या शेतकऱ्याला हे सांगूनही पटणार नाही.

यावर एकच उपाय दिसतो. प्रत्यक्ष कोण कसतो ते पीक पाहणीत नीट लागलेलं असावं. ई-पीक पाहणी दरवर्षी आपल्या नावानं करा. कसणाऱ्याचं नाव लागलेलं असलं, तर हिस्सेदारांचा प्रश्न संपत नाही, पण बोलायला कागद हाताशी राहतो.

बाकीचे कागद शस्त्र नियम २०१६ प्रमाणे : विहित नमुन्यातला अर्ज, ओळख आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, बंदूक घरात सुरक्षित कशी ठेवणार याची हमी, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. हा शेवटचा दाखला म्हणजे नवा खर्च. आधीच्या १९६२ च्या नियमांच्या काळात बापानं मुलाला शेतात शिकवलं की झालं. आता प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते गावात मिळत नाही. तरी याबद्दल आमची तक्रार नाही. भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवल्यानं झालेले अपघात आपल्या जिल्ह्यानं पाहिले आहेत.

अर्जानंतर पोलिस ठाण्याचा अहवाल जातो. नियमांत त्याला ३० दिवसांची मुदत आहे आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत परवाना प्राधिकाऱ्यानं निर्णय द्यायचा आहे. प्रत्यक्षात फाईल कुठं आहे हे विचारायला माणूस ओरोसला जातो. दोडामार्ग किंवा वैभववाडीहून ओरोस म्हणजे येऊन-जाऊन अख्खा दिवस. एसटीचं भाडं, बाहेरचं जेवण, बुडालेली मजुरी. अशा पाच-सहा फेऱ्या मांडून बघा. म्हणून अर्जाची पोच, जावक क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत उलटली की तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. परवाना नाकारला तर कारणासह लेखी आदेश मागा. अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे त्यावर अपील होतं.

राधानगरी अभयारण्याच्या जवळच्या, म्हणजे कणकवली-वैभववाडीकडच्या घाटपायथ्याच्या गावांना आणखी एक पायरी आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते. जिथं जनावरांचा त्रास जास्त, तिथंच परवाना जास्त अवघड. कायद्याचा हेतू समजतो, पण कुंपणाशी शेत असलेल्या माणसाला तो पटवून देणं कठीण आहे.

परवाना हाती आल्यावर त्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक आहे ना ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. इथं शेतकऱ्याची दोन वर्षांची धावपळ वाचली, हे मान्य करायला हवं. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी टाका. मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा आहे. उशीर होणारच असेल तर बंदूक पोलिस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी.

काडतूस मोजून

बंदूक एकदाच घ्यायची, काडतूस दरवर्षी. एका वेळी किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षात किती घेता येतील, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार विकताना नोंद करतो. भाव वाढला तो नगामागे दिसतो, म्हणून कुणाला फारसा जाणवत नाही. पण नुसतं जनावर पळवून लावायला रात्री दोन-तीन बार काढायचे, असा हंगाम धरला तर वार्षिक मर्यादा आणि खिसा दोन्ही दिवाळीआधीच संपतात. शिवाय शंभर नगांसाठी पुन्हा शहरात फेरी, तिचं भाडं वेगळं. आसपासचे चार परवानाधारक एकाच दिवशी गेले तर प्रवास वाटून जातो. मात्र प्रत्येकानं आपला परवाना घेऊन स्वतः जायचं. दुसऱ्याच्या परवान्यावर काडतुसं आणून वाटणं चालत नाही. शेजारधर्म म्हणून केलं असलं तरी नाही.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात

हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका जमा करण्याच्या नोटिसा येतात. २०१९ ची विधानसभा निवडणूक बघा. आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली आणि मतदान २१ ऑक्टोबरला झालं. २०२४ ला आचारसंहिता १५ ऑक्टोबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात आणि भात शेतात. पाच वर्षांच्या परवान्यात लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असं धरलं, तर बंदूक किती दिवस घरात राहते याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा कराव्यात असा मात्र नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये याबाबत निकाल दिला. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षकांची छाननी समिती असते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, आधी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात सापडलेले, अशा परवानाधारकांची प्रकरणं समितीनं तपासून निर्णय घ्यायचा असतो. तेव्हा नोटीस आली तर ती फाडून टाकू नका, आणि नुसतं निमूट जमाही करू नका. आपला परवाना शेती संरक्षणाचा आहे, पीक उभं आहे, आपल्यावर गुन्हा नाही, असं लिहून समितीकडे सूट मागा. मिळेलच असं नाही, पण अर्जच नसेल तर समितीसमोर विषयही येत नाही. बंदूक जमा केलीच तर पावती घ्या, आणि निकाल लागल्यावर परत आणायला विसरू नका. ठाण्याच्या ओल्या खोलीत पडलेली बंदूक गंजते, आणि नळीला गंज धरला की दुरुस्तीचा खर्चही आपलाच.

परवाना आहे म्हणजे डुक्कर मारता येतो का?

नाही. हा मुद्दा न कळल्यामुळे परवानाधारक शेतकरीच वन विभागाच्या गुन्ह्यात अडकतो, म्हणून थोडं सविस्तर.

शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. जनावर मारण्याची परवानगी वेगळी, आणि ती वन विभागाकडून मिळते. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोकादायक झालेलं जनावर मारायची लेखी परवानगी अधिकृत अधिकारी देऊ शकतात, पण ती अनुसूची २ मधल्या प्राण्यांपुरती. रानडुक्कर त्यात येतो. राज्य सरकारच्या २०१५ च्या निर्णयानं रानडुक्कर आणि रोही यांच्या परवानगीचा विषय वनक्षेत्रपालांच्या पातळीवर आणला. रोही आपल्याकडे नाहीच, त्यामुळे आपल्यापुरता तो डुकराचा निर्णय. वनक्षेत्रपाल कार्यालयात नुकसानीचा अर्ज द्यायचा, परवानगी लेखी घ्यायची आणि तिच्यात लिहिलेल्या अटीत राहायचं.

गवा, हत्ती, मोर हे अनुसूची १ मध्ये. पिकाचं कितीही नुकसान झालं तरी शेतकऱ्याला त्यांच्यावर बंदूक रोखता येत नाही. दोडामार्गातल्या हत्तीला बंदुकीनं हाकलता येईल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं तो विचारही करू नये. जखमी हत्ती साऱ्या गावाला भारी पडतो. लाल तोंडाचं माकड, आपलं केल्डं, तेही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या अनुसूचीत पहिल्या यादीत आहे. नारळ-काजूवाल्यांना हे ऐकून राग येईल. पण माकडासाठी म्हणून बंदूक घ्यायला निघालेल्यानं पैसे खर्च करण्याआधी हे ऐकलेलं बरं.

परवानगीनं मारलेला डुक्करही आपला होत नाही. कलम ३९ प्रमाणे तो सरकारी मालमत्ता. वन विभागाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, विल्हेवाट ते लावतील. वाडीत मटणाचे वाटे घातले, की शेती संरक्षणाची गोष्ट तिथंच संपते आणि शिकारीचा गुन्हा सुरू होतो. दोषी ठरल्यास न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं आणि पाच वर्षे नवा मिळत नाही. म्हणजे वरचा सगळा खर्च एका रात्रीत पाण्यात.

स्वस्तातली बंदूक किती महाग पडते

कायदेशीर वाट इतकी लांब आणि खर्चिक झाली, की दुसरी वाट आपोआप जवळची वाटू लागते. ‘विनापरवाना ठासणीची बंदूक जप्त’ ही बातमी आपल्या वाचकांना नवी नाही. त्यातले काही सरळ शिकारीच असतात, गाडी, बॅटरी घेऊन भेकर-साळिंदराच्या मागे फिरणारे. त्यांची कीव करायचं कारण नाही. पण काही प्रकरणांत आजोबांची बंदूक माळ्यावर पडून होती, परवाना कधी संपला ते कुणाला ठाऊक नव्हतं, एवढंच असतं. कायदा दोघांना एकाच कलमात बसवतो. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद आणि दंड. शिकार झाली असेल तर वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. प्राणी अनुसूची १ मधला असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे, दंड किमान २५ हजार. गाडी वापरली असेल तर तीही जप्त. वकील आणि तारखांचा खर्च यात धरलेला नाही.

एअरगनची जाहिरात बघून ती मागवणारेही वाढले आहेत. ०.१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन परवान्याशिवाय घेता येते हे खरं, पण तिनं वन्यप्राणी मारला तर गुन्हा तोच. डुकराला ती लागतही नाही, नुसती चिडवते.

शेजारी काय चाललंय तेही बघण्यासारखं आहे. कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना जुन्या परंपरेमुळे परवान्यातूनच सूट आहे, ती केंद्रानं २०२९ पर्यंत वाढवली. केरळनं २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. परवानाधारक नेमबाजांची यादी असते, त्यातल्या माणसाला बोलावलं जातं. तिथं प्रत्येक शेतकऱ्यानं बंदूक घ्यायची गरज उरत नाही. गावात दोन-तीन प्रशिक्षित परवानाधारक असले तरी पुरतात. आपल्या ग्रामपंचायतींनी ठराव करायचेच असतील तर ‘सर्वांना बंदुका द्या’ यापेक्षा असा काही ठराव करावा.

घरात जुनी परवान्याची बंदूक असेल तर

नवी घेण्याआधी घरातली बघा. शस्त्र नियमांच्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारस अर्ज करू शकतो. हयातीतही, परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे राहिली, की त्यानं नाव दिलेल्या वारसाकडे ती देता येते. प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि पोलिस अहवाल वारसालाही लागतात, पण बंदुकीची किंमत वाचते, आणि आजच्या भावात ती थोडी नाही. इतर वारसांची ना-हरकत लागते. तिथं पुन्हा मुंबईकर चुलत्यांचे फोन आलेच.

परवानाधारक वारला आणि बंदूक घरातच राहिली, तर वाट बघत बसू नका. बारावं-तेरावं झालं की पहिल्यांदा बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारसाचा अर्ज टाका.

दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनी बंदूक विकत घेणार असाल, तर विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात. त्याआधी पैसे आणि बंदूक यांची अदलाबदल करू नये. घेण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून नळी आतून बघून घ्या, बंदुकीवरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते स्वतः वाचा, आणि घोडा ओढल्यावर तो जागेवर धरतो का बघा. सैल घोड्याची बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नका.